खिडकी पाडलेला पुठ्ठा

पाळकबाबांना चार मृत भाषा येत होत्या आणि त्या चारही भाषांत ते कधी चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. घोटाळा व्हायचा तो मायबोलीत. भिजून आलेल्या पाहुण्यांकडे बघून त्यांनी एकदा बहिणीला सांगितलं होतं, "ताई, यांना कोपऱ्यात उभं कर आणि छत्रीला बसायला दे." एका बाप्तिस्म्याला "आता हे बाळ मी पाण्यावर शिंपडतो" असं ते म्हणाले, तेव्हा आईने बाळ झटकन मागे ओढलं. रविवारचा घोटाळा सोमवारी शिंप्याच्या दुकानात तिखटमीठ लावून सांगितला जाई. बाबांचं नावच पडलं होतं, उलटेबाबा.

विधवा झाल्यापासून ताई भावाचं घर सांभाळत होती. जुन्या हस्तलिखितातल्या एका झिजलेल्या अक्षरापायी अख्खा हिवाळा घालवणारा हा माणूस बाहेर थट्टेचा विषय व्हावा, हे तिला खुपे. बाबांना मात्र त्याचं काही नव्हतं. हसायला का होईना, लोक प्रार्थनेला येतात, असं त्यांचं म्हणणं.

बेकरीवाल्याची बायको गेली, त्या दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. बसला नाही.

"बाबा, राग मानू नका, पण उद्या दफनाला तुम्ही बोलू नका. तिच्या पेटीसमोर कुणी फिदीफिदी हसलं, तर मी थोबाड फोडीन त्याचं."

"बरोबर आहे तुझं," बाबा म्हणाले आणि शेजारच्या पाळकांना निरोप धाडायला उठले.

"थांब रे," ताई म्हणाली. "ती जुनी हस्तलिखितं वाचताना का नाही चुकत तू?"

बाबांनी टेबलावरचा पुठ्ठा उचलला. मध्ये एका शब्दापुरती खिडकी कापलेली. ओळीवर ठेवून सरकवत न्यायचा. "पुढचा शब्द दिसतच नाही. मग तो आधी घुसणार कसा?" एवढं बोलून त्यांनी उद्याचं बोलणं लिहून काढायला कोरा कागद पुढे ओढला.

बेकरीवाला पुठ्ठ्याकडे बघत राहिला. "आणि तरी चुकलात तर?"

"तर तिथेच मला खाली बसव."

दुसऱ्या दिवशी बाबांनी कागदावर पुठ्ठा ठेवला आणि एकेक शब्द सुटा करून वाचला. शिंपी तोंडाशी रुमाल धरून तयारीत बसला होता. ताईने पायाची बोटं चपलेत आवळून धरली होती. बेकरीवाल्याची नजर बाबांच्या ओठांवरून हलत नव्हती. शेवटचं 'आमेन' खिडकीत आलं, तोवर शिंप्याचा रुमाल मांडीवर उतरला होता. एकही शब्द जागचा हलला नव्हता.

दफन आटोपल्यावर फाटकाशी बेकरीवाल्याने बाबांचे हात धरले. पुठ्ठा खिशात गेला होता. बाबांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"बोला ना, बाबा. आता चालेल."

"मी इतकी वर्षं," बाबा म्हणाले, "तुझ्या बायकोचा हात खाल्ला रे. पाव फार मायाळू होता तिचा."

ताईने डोळे मिटून घेतले. मागे शिंपी खोकला.

बेकरीवाल्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, चांगला मोठ्याने, आणि बाबांचे हात काही सोडत नव्हता.

"होताच," तो म्हणाला. "मायाळूच होता."