शिवराम सर आणि सहयोगी सदस्य

ऑस्ट्रेलियातल्या टूनगॅबी स्टेशनच्या मागच्या गल्लीत, मुलाच्या लाल विटांच्या घरात, शिवराम सोनावळे दर शनिवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून झूमच्या बैठकीसाठी लॅपटॉपसमोर बसायचे. खाली पायजमाच. कॅमेऱ्याला पायजमा दिसत नाही हे दोन हजार वीस सालच्या त्या लॉकडाऊनमध्ये साऱ्या जगाला कळलं होतं, तसं त्यांनाही. पण शर्टाची वरची गुंडी लावल्याशिवाय त्यांचा आवाज लागत नसे. कल्याणच्या कॉलेजात उभी हयात राज्यशास्त्र शिकवलेला माणूस. वर्गात शिरण्याआधी दाराशी क्षणभर थांबायचा, खाकरायचा आणि मग असा आत यायचा की मागच्या बाकावरच्या पोरांनी आपोआप पाय खाली घ्यावेत. एंट्री कशी घ्यायची हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. काही माणसं ती जन्मतःच घेऊन येतात.

अमेरिकेची राज्यघटना हा त्यांचा हातखंडा प्रयोग. फिलाडेल्फियाचा तो उन्हाळा ते साक्षात उभा करायचे. "खिडक्या बंद! दारावर पहारा! आतलं अक्षर बाहेर जाता कामा नये. आणि त्या भट्टीत पन्नास-पंचावन्न माणसं कोट घालून भांडतायत." मोठी राज्यं म्हणतात, माणसांच्या हिशेबाने जागा द्या. छोटी म्हणतात, सगळ्यांना सारख्या द्या. मग तोड निघते: एका सभागृहात माणसं मोजायची, दुसऱ्यात राज्यं. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे, आणि प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचा लगाम. पोरं टाळ्या वाजवायची. ऑस्ट्रेलियात आल्यावर इथलं सिनेटही तिथूनच उचललेलं आहे हे बघून त्यांना सासरी माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं.

तर या शिवराम सरांकडे मराठी मैत्री संघ आला. संघ म्हणजे टूनगॅबीपासून केलीव्हिलपर्यंतची चाळीस-एक घरं आणि भाड्याच्या खोल्यांतून राहणारे विद्यार्थी. कौन्सिलचा हॉल दर महिन्याला हक्काने हवा, तर संघ नोंदवायला हवा, आणि नोंदवायचा तर घटना हवी. संघाची सेक्रेटरी मानसी. मांडीवर बाळ घेऊनच ती झूमवर यायची. ती म्हणाली, "काका, इंटरनेटवरून एक नमुना घेते, नावं बदलते. झालं."

"नमुना?" शिवराम सरांनी छातीवर हात ठेवला. "घटना काय पंजाबी ड्रेस आहे, मापं बदलून शिवायला?"

त्यांनी स्वतः लिहिली. तिच्यात कार्यकारिणी, सभा आणि तिघांचं न्यायमंडळ. अध्यक्षाला नकाराधिकार. दुरुस्ती करायची तर तीन चतुर्थांश मतं. त्यांचा मुलगा सुजित वाचून म्हणाला, "बाबा, आपण वर्षाला एक भोंडला आणि एक पिकनिक करतो. त्यावर व्हेटो कोण टाकणार?"

"हसा," सर म्हणाले. "भांडणं झाली की शोधत याल."

भांडण लगेचच झालं, विद्यार्थ्यांवरून. केलीव्हिलचा रविंद्र मोठ्या कंपनीत मॅनेजर, संघाच्या प्रत्येक कामाला स्वतःची गाडी घेऊन हजर. तो म्हणाला, "सर, मला मुलांबद्दल काही नाही. पण ती आज इथे, उद्या व्हिसाचे गुण वाढवायला दुसऱ्या राज्यात, मॉसन लेक्सला. ठरवणार ती आणि निस्तरणार आम्ही." त्यावर मानसी हळूच म्हणाली, "पण त्यांना वगळलं तर कौन्सिलच्या अटीप्रमाणे शंभर सदस्य होत नाहीत. हॉल नाही मिळणार."

 आणि तिथे शिवराम सरांना तोड सुचली. विद्यार्थी 'सहयोगी सदस्य'. सदस्यसंख्येत पूर्ण धरायचे, मत मात्र नाही. रविंद्र खूश, मानसी खूश. "काका, तुम्ही ग्रेट आहात!" सरांनी मान झुकवून दाद स्वीकारली. "फिलाडेल्फियाची घटनासुद्धा तडजोडीवरच उभी राहिली, बाई."

त्या विद्यार्थ्यांत एक भावना होती. अकाउंटिंगला, नागपूरची. एप्रिलमध्ये सगळं बंद झालं तेव्हा तिची रेस्टॉरंटमधली नोकरी गेली. सरकारची मदत तिच्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना नव्हती. पण ज्येष्ठांनी बाहेर पडू नये म्हणून संघाच्या ज्या मुलांनी किराणा, औषधं पोचवली, त्यांत ती पहिली. सरांच्या बीपीच्या गोळ्या ती व्हरांड्यात ठेवायची, मागे सरकायची आणि ओरडायची, "सर, गोळ्या! आणि काकूंसाठी कोथिंबीर. ती संघातर्फे नाही, माझ्यातर्फे!"

घटना मंजूर करायची सभा जुलैत भरली. मतदानाआधी सरांनी थोडा वेळ मागून घेतला. अमेरिकेची कथा ऐकल्याशिवाय आपल्या घटनेची चव कळायची नाही, म्हणाले. पडद्यावर चौकोन भरले. घरं आली, विद्यार्थी आले, कुणी पांघरुणात, कुणी जेवणाचं ताट घेऊन. सरांची पत्नी सुशीला कॅमेऱ्याच्या बाहेर, शेजारच्या खुर्चीवर मटार सोलत बसली. सरांनी गुंडी लावली, खाकरले आणि सुरुवात केली.

काय रंगले ते त्या दिवशी! बंद खिडक्या, पहारा, भांडणं. मग ते आपल्या लाडक्या जागेवर आले, जिथे दर वर्षी अख्खा वर्ग त्यांच्या जाळ्यात सापडायचा.

"आता दक्षिणेची राज्यं म्हणाली, आमचे गुलामही मोजा. उत्तरेची म्हणाली, ते कशाला? शेवटी ठरलं, एक गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस. मला सांगा, किती मोजायला हवं होतं?"

"पूर्ण!" सगळ्या चौकोनांतून आवाज आले. भावनाचा सगळ्यात आधी. "पूर्ण माणूस, सर!"

सरांनी हवा तेवढा थांबा घेतला. डोळे बारीक केले.

"चुकलात! सगळे चुकलात. पूर्ण मोजले असते तर फायदा कुणाचा? मालकांचा! गुलामाला मत कुठे होतं? जितके गुलाम जास्त मोजाल तितक्या मालकांच्या जागा वाढणार. म्हणजे माणूस मोजायचा, पण विचारायचा नाही. त्याच्या डोक्याचा हिशेब स्वतःच्या पदरात टाकायचा. मत न देता पूर्ण मोजणं हा त्याहून मोठा..."

वाक्य तिथे अडलं.

नटाला प्रयोगात एक क्षण येतो. शब्द तोंडातून निघत असतात आणि अचानक तो ते स्वतःच ऐकतो. शिवराम सरांनी ऐकलं. समोर विद्यार्थ्यांचे चौकोन होते. पूर्ण मोजलेले. बाजूला मटार सोलणारे हात थांबले होते.

सुशीला त्यांच्याकडे बघत होती.

"सर, आवाज गेला का तुमचा?" मानसीने विचारलं.

अजून वेळ होता. 'थांबा, एक कलम चुकलंय,' एवढंच म्हणायचं होतं. पण शंभर डोळे लागले होते, भाषण रंगलं होतं, आणि सरांच्या जिभेला रंगलेलं भाषण मोडायची सवय नव्हती. "...मोठा अन्याय," त्यांनी वाक्य पुरं केलं. "असो. तर अशा या घटनेपासून आपण शिकू या." टाळ्यांची छोटी पिवळी चित्रं पडद्यावर उडाली. मतदान झालं. नव्या कलमाप्रमाणे ज्यांना मत होतं त्यांनीच हात वर केले. घटना मंजूर. भावनाने लिहिलं, 'खूप छान समजावलंत सर.'

लॅपटॉप मिटल्यावर सुशीलाबाईंनी मटाराचं भांडं खाली ठेवलं.

"ऐकलंत ना, काय बोललात ते?"

"ऐकलं."

"तुमचे बाबा सांगायचे. गावच्या जत्रेला वर्गणी मागताना गावकरी आपली आळी पहिली धरायचे आणि बैठकीला बोलवायचे नाहीत.  तुम्ही ते ऐकत मोठे झालात."

 सरांनी शर्टाची गुंडी काढली. आयुष्यभर सव्वीस नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका वाचणारा हा माणूस. त्या रात्री जेवताना मटारची वाटी त्यांनी तशीच बाजूला सारली. पुढे आठवडाभर भावनाने व्हरांड्यात पिशवी ठेवून हाक मारली की ते आतूनच "हो हो" म्हणत. दार उघडत नसत.

शेवटी त्यांनी दुरुस्ती मांडली: सहयोगींना मत. पण दुरुस्तीला तीन चतुर्थांश मतं लागत होती, आणि तेही त्यांनीच मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. मानसी म्हणाली, "काका, मी आहे तुमच्या बाजूने. पण तुम्हीच इतकं पटवलंत, आता उलटं कसं पटवणार?" सभा झाली. सर बोलले, पण त्या दिवशी थांबे चुकले, आवाज वर चढेना. दोन मतं कमी पडली. रविंद्र विरोधातच होता. "सॉरी सर, पण घटना म्हणजे दर महिन्याला बदलायची गोष्ट नाही. हे तुमचंच वाक्य."

दुसऱ्या दिवशी भावनाने पिशवी ठेवली तेव्हा सरांनी दार उघडलं. तोंडावर मास्क होता, ते एका परीने बरंच झालं.

"थांब गं जरा. मला तुझी माफी मागायची आहे."

"अहो सर, नो वरीज. अमेरिकेला किती वर्षं लागली?"

"यादवी युद्ध लागलं."

"मग आपण दोन मतांत सुटलो की!" ती हसली. सरांना त्या हसण्याचा मार बसला.

"मी ठरवलंय," ते म्हणाले. आवाज नकळत रंगमंचावरचा झाला. "माझं मत आता माझं नाही. ते तुम्हा मुलांचं. तुम्ही ठरवा, मी हात वर करेन."

 भावना पायरीवरच्या पिशवीचे बंद सारखे करत राहिली.

"सर, रागावू नका. पण परत तेच झालं ना? डोकी आमची आणि हात तुमचा."

 सरांनी रात्रभर मनात घोळवलेला तो त्याग, त्याची ती वाक्यं, सगळं जागच्या जागी कोसळलं. पश्चात्तापातसुद्धा मालकाची खुर्ची त्यांनी स्वतःकडेच ठेवली होती.

"मग मी सदस्यत्वच सोडतो. राजीनामा देतो."

"म्हणजे आमच्या बाजूचं आणखी एक मत कमी!" ती आता खरंच वैतागली होती. "सर, तुम्हाला प्रत्येक वेळी मोठा प्रवेशच का लागतो? दोन मतं म्हणजे दोन घरं आहेत फक्त. फोन करा ना त्यांना."

"मी केले होते."

"तुम्ही भाषण केलं असेल."

आतून सुशीलाबाईंचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हता, हसू होतं.

भावना गेल्यावर सर बराच वेळ व्हरांड्यात उभे राहिले. शेजारचा म्हातारा ऑस्ट्रेलियन कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यावर नेत होता. त्याने हात केला, सरांनीही केला. मग ते आत आले, इस्त्रीचा शर्ट न चढवता, चुरगळलेल्या बनियनवरच सोफ्यावर बसले आणि रविंद्रला फोन लावला.

"रविंद्र, शिवराम बोलतोय. नाही, सभेचं नाही. म्हणजे सभेचंच आहे. पण आज मी बोलणार नाही. तुला नेमकी कशाची धास्ती वाटते, ते मला सांग. मी ऐकतो."

पलीकडे क्षणभर काहीच आलं नाही. रविंद्रला बहुधा वाटलं, सर नेहमीचा थांबा घेतायत.

"बोल बाबा," सर म्हणाले. कान शरमेने तापले होते, तरी त्यांनी फोन घट्ट कानाशी धरला.