स्टँडसमोरचा अर्धा कप

मलकापूरचे चहापत्तीवाले शेठ पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींची कात्रणं होती. धुक्यातला डोंगर, कुणीतरी गोरीपान नटी आणि तिच्या हातात वाफाळता कप. शेठ स्वतःची पत्ती स्वतः मिसळून विकायचे. त्यांच्या वडिलांपासूनचा धंदा. पण आता गावोगावच्या दुकानांत टीव्हीवरची पाकिटं पुढे आणि यांची मागे, असं झालं होतं. त्यांना पेपरात, केबलवर आणि रस्त्यावर, सगळीकडे एकदम दिसायचं होतं, आणि तेही या कात्रणांसारखं.

मी आणि माझा नवरा मेहकरात जाहिरातीचं छोटं ऑफिस चालवतो. खाली फ्लेक्सची मशीन, वर घर. मी आठवडाभर बसून शेठसाठी ओळी लिहिल्या. 'मनाला भिडणारा सुगंध' वगैरे. वाचायला बऱ्या, पण कोणत्याही चहाला चालल्या असत्या. अगरबत्तीलासुद्धा.

त्या ओळी ऐकायला शेठ दुपारी घरी आले. आईनं चहा आणला. वडील गेल्यावर आई काही महिने पुण्याला माझ्या भावाकडे राहिली आणि मग आमच्याकडे आली. पुण्याहून आल्यापासून ती परक्या माणसासमोर फारशी बोलत नसे. तिथे सोसायटीच्या हळदीकुंकवात तिनं 'मले नको' म्हटलं आणि दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. कुणी वाईट बोललं नव्हतं. पण आईनं ते मनाला लावून घेतलं आणि तेव्हापासून ती पाहुण्यांपुढे नुसती मान हलवायची.

त्या दिवशी शेठनी चहा पाहून अर्धाच द्या म्हटलं आणि आईच्या तोंडून निघून गेलं, "अर्ध्या कपानं का होते? पुरा घ्या न."

शेठनी पुरा घेतला. मग माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत म्हणाले, "ताई, हेच लिहा. बाकी सब काट द्या."

ओळ मिळाल्यावर नवऱ्याला कल्पना सुचली. स्टँडसमोरच्या होर्डिंगवर आधी फक्त अर्धा कप छापायचा, उरलेली बाजू कोरी ठेवायची. पेपरातही पहिल्या पानाच्या कडेला अर्धाच कप. दुसरी बाजू काही दिवसांनी, आणि तिथे आई. हे शेवटचं मी ठरवलं. आवाज तिचा, ओळ तिची, तर चेहरा दुसऱ्या कुणाचा कशाला?

आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "मले नाई जमत मा. लोक हासतीन."

मी म्हटलं, हसले तर हसू दे, इथे सगळे आपल्यासारखेच बोलतात. ती भाजी निवडत राहिली. पण दुसऱ्या दिवशी फोटोग्राफर कधी येणार म्हणून विचारलं, त्यावरून मी समजले.

अकोल्याचा फोटोग्राफर येताना नऊवारी, चहाचा पितळी गंज आणि मातीची चूल घेऊन आला. त्याचा दोष नव्हता. जाहिरातीत गाव म्हटलं की हे लागतंच, टीव्हीवर रोज तेच दिसतं. आईनं चुलीकडे पाहिलं आणि चष्मा पुसत म्हणाली, "मी गॅसवर चाय करतो. काऊन खोटं दाखवाचं?" मग ती आपल्या रोजच्या सुती साडीत, चष्म्यासकट, आमच्याच ओट्यापाशी उभी राहिली. केबलसाठी तिनं ती ओळ म्हटली तेव्हा पहिल्यांदा आवाज बसला. नवऱ्यानं तिला सांगितलं, कॅमेऱ्याकडे नका पाहू, शेठ अर्धाच कप मागताहेत असं समजा. मग बरोबर जमलं.

अर्धं होर्डिंग लागलं त्या दिवसापासून फोन सुरू झाले. स्टँडवरच्या रसवंतीवाल्याला वाटलं, वाऱ्यानं अर्धा फ्लेक्स उडाला. शेठच्या मेहुण्याला वाटलं, आम्ही त्यांना फसवलं. शेठ स्वतः मलकापूरहून बसनं आले, होर्डिंगखाली बराच वेळ उभे राहिले आणि आम्हाला विचारलं, लोक नाराज तर होणार नाहीत ना? नवऱ्यानं पलीकडच्या टपरीकडे बोट दाखवलं. तिथली माणसं चहा पीत होर्डिंगकडेच पाहत वाद घालत होती. शेठ परतीच्या बसला गेले.

दुसरी बाजू लागली तेव्हा आई पाहायला आली नाही. बाजाराच्या दिवशी मात्र स्वतःहून पिशवी घेऊन माझ्यासोबत निघाली आणि स्टँडपाशी थांबली. वर स्वतःचा चेहरा केवढा तरी मोठा. बराच वेळ पाहून तिनं सांगितलं, चायचा रंग फिका छापला तुमी. तेवढ्यात सुलतानपूरच्या बसमधून उतरलेल्या एका बाईनं तिला अडवून विचारलं, "तुमीच न त्या?"

"हाव, मीच," आई म्हणाली. मग दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून इतका वेळ बोलल्या, की मी एकटीच भाजी घेऊन आले.

केबलवरची जाहिरात कुणीतरी मोबाईलवर उतरवली आणि ती फिरत फिरत पुण्याला भावाच्या सोसायटीत पोहोचली. भावानं आईला फोन लावून शेजारणींच्या हातात दिला. आई त्यांच्याशी जशी घरात बोलते तशीच बोलली, मले, तुमाले, सगळं. त्यातली एक हसली असावी, कारण आईही हसली आणि तिनं 'मले' मुद्दाम पुन्हा म्हटलं.

शेठचं पाकीट आता दुकानात पुढे असतं. सगळीकडे नाही, पण बऱ्याच ठिकाणी. दर ईदला त्यांच्या घरून शिरखुर्मा येतो, तो खास आईच्या नावानं.

मागच्या महिन्यात एका मसालेवाल्याचा माणूस आला. त्यांनाही आईच हवी होती. आईनं नमुन्याचं पाकीट ठेवून घेतलं, संध्याकाळी तो मसाला घालून वांग्याची भाजी केली आणि सकाळी निकाल दिला, "नाई मा. याले चव नाई. मी नाई उभी राहत."

काम आम्ही घेतलं. चेहरा दुसरा शोधतो आहोत.