बास म्हणायचं कुणी

जीपच्या मागच्या चाकांना नवे ब्रेकशू घातले की काम झालं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं, बरं का. खरं काम तिथून पुढं. चाक जॅकवर उचलायचं. एकानं खाली झोपून आतल्या बाजूचा नट पान्यानं थोडा थोडा आवळत जायचं आणि दुसऱ्यानं चाक हातानं फिरवत कान द्यायचा. शू आत ड्रमला घासायला लागला की खर्र असा आवाज येतो. मग नट जरा उलटा. घासायचं थांबून चाक मोकळं फिरलं, की वरच्यानं म्हणायचं, "बास!"

आमच्या गॅरेजात खाली आमचे मालक, म्हणजे घरधनी, झोपायचे आणि बास म्हणायचे मी.

पहिल्यांदा हाक आली तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. तशीच गेले, टायरवर पिठाची बोटं उमटली. "तुझा कान लई तिखट हाय," असं म्हणायचे ते मला. दुसरं काही कौतुक त्यांच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही, पण तेवढं मला पुरायचं.

आता नव्या शूची एक खोड असते. पहिलं बास हे खरं बास नव्हे. गाडीत चढून ब्रेकचं पायडल दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं. तेव्हा कुठं शू आपली जागा धरतात, आणि चाक पुन्हा ढिलं पडतं. मग परत खाली झोपायचं, परत नट. याला आम्ही दुसरं बास म्हणायचो.

मलकापूरचा एक जीपवाला होता. वडाप करायचा, म्हणजे वाटेत मिळतील ती माणसं भरून फेऱ्या मारायचा. त्याच्या जीपला नवे शू घातले त्या दिवशी उचगावच्या शेतात मालकांच्या दोस्तांनी मटणाचा बेत केलेला. एक चाक पुरतं झालं. दुसऱ्याचं पहिलं बास झालं आणि बाहेर मोटारसायकल वाजली. मालक लगेच हात पुसायला लागले.

"अहो, या चाकाचं दुसरं बास राह्यलंय."

"जाऊ दे की. चालवंल तसं बसतंय आपोआप."

"आपोआप कसं बसंल? मी दाबते पायडल. भाकरी भाजंस्तोवर हुतंय."

"तू भाकरीच भाज. रस्सा गार हुतोय तिकडं!"

समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेल्या जीपवाल्याच्या हातात किल्ली टाकून ते गेलेसुद्धा. तो आला तेव्हा मी म्हटलं, "भावजी, न्हेऊ नका. एक काम राह्यलंय."

तो हसला. "वहिनी, मिस्त्री म्हणाले झालं म्हणून."

त्याच आठवड्यात उतारावर ब्रेक दाबल्याबरोबर जीप एका अंगाला ओढली आणि रस्ता सोडून बांधावर चढली. आत बसलेल्या त्याच्या आईचा हात मोडला.

जीप दारात आली तशी शेजारपाजारची दुकानं सोडून माणसं जमली. मालकांनी चाक उघडून बघितलं. बघितल्या बघितल्या त्यांना कळलं होतं, मी तोंड ओळखते की. उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चाक आमची ही फिरवती. बाईमाणसाच्या कानावर भरवसा ठिवला, चुकलं माझं."

लोक हसले.

"अहो, मी बास म्हटलं ते पहिलं..."

"तेच की! म्हणालीस न्हवं बास?"

मी जीपवाल्याकडं बघितलं. त्याला तर मी सांगितलं होतं, आता हा बोलेल. तो टायरकडं बघत राहिला. मग म्हणाला, "जाऊ द्या वहिनी, हुतंय एखाद्या वेळी."

म्हणजे माफसुद्धा करून टाकलं मला!

दुसऱ्या दिवशी हाक आली, "ये गं." गेले. चाक फिरवलं. खर्र झालं, थांबलं, चाक मोकळं झालं.

खालून आवाज आला, "बास?"

मी चाकाला आणखी एक फेरा दिला.

"अगं, बास का?"

मी चाक फिरवतच राहिले. शेवटी तेच पाठ घासत बाहेर आले, स्वतः फिरवून बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि परत खाली गेले.

गॅरेज कायमचं बंद होईपर्यंत हेच चाललं. पुढं त्यांची कंबर धरायची, कण्हत बाहेर यायचे. बघून मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. चाक मोकळं झालेलं मला ऐकूही यायचं. पण तो शब्द काही तोंडातून निघायचा नाही. अजून जेवताना कुणी वाढायला आलं, तर मी ताटावर नुसता हात आडवा धरते.