बेपत्ता माणसाचं घर

शब्दकोशात ‘बेपत्ता’ या शब्दापुढे ‘ठावठिकाणा नसलेला’ एवढाच अर्थ दिलेला असतो. कोश करणाऱ्यांच्या घरी हा शब्द कधी मुक्कामाला आलेला नसणार. आमच्या घरी तो काही वर्षं होता. त्यानं माझ्या काकूचं जे केलं, त्याचा मला अजून राग येतो.

चीनच्या लढाईत काका बेपत्ता झाल्याची तार साताऱ्याकडच्या आमच्या गावी आली, तेव्हा मी तिसरीत होते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती पुन्हा पुन्हा वाचली आणि म्हणाले, “गेला असं कुठं लिहिलंय? बेपत्ता आहे.” आईबाप लवकर गेल्यामुळं या धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं होतं, आणि भरतीलाही तेच हाताला धरून घेऊन गेले होते. त्या एका शब्दावर त्यांनी स्वतःला टांगून घेतलं. काकूचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम एक रजा झाली होती. पकडलेले जवान पुढं परत आले, त्यांत काका नव्हता. तरी अण्णा म्हणाले, “अजून असतील तिकडं कुणी कुणी.”

पुढं अण्णांना तारापूरला वीजघराच्या बांधकामावर काम मिळालं आणि आम्ही बोईसरला भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. काकू बरोबर होतीच, ती जाणार कुठं? मेलेल्या माणसाच्या बायकोशी कसं वागायचं हे जगाला ठाऊक असतं. जिवंत माणसाच्या बायकोशी कसं वागायचं हेही ठाऊक असतं. बेपत्ता माणसाच्या बायकोशी कसं वागायचं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. संक्रांतीला शेजारी हळदीकुंकू होतं. आमच्यासारखीच घाटावरून आलेली सगळी कुटुंबं. कुंकू लावत आलेली बाई काकूसमोर आली आणि तिचं बोट हवेतच थांबलं. तिनं यजमानीणबाईंकडं पाहिलं. त्यांनी माझ्या आईकडं पाहिलं. आई चटकन म्हणाली, “लावा की, सवाष्ण आहे ती.” मग लावलं. पण ओटी भरायच्या वेळी त्यांचे तांदूळ नेमके संपले. काकू घरी येऊन मुकाट्यानं भाकऱ्या थापायला बसली.

तिला रडायचीही सोय नव्हती. सवाष्णीनं रडायचं नाही, नवऱ्याला अपशकुन होतो. तिचे डोळे नुसते भरलेले दिसले, तरी अण्णा ताटावरून उठायचे. ती रडली तर काका मेला, असा सरळ हिशेब होता. म्हणजे त्याला जिवंत ठेवायचं काम एकट्या काकूवर येऊन पडलं होतं.

आमच्याकडं नवापूरची एक कोळीण बोंबील घेऊन यायची. काकू तिला मावशी म्हणायची. मावशीचा पहिला नवरा दर्यात गेला होता, आणि आता दुसऱ्या नवऱ्याकडून तिला मुलं होती. एकदा पाटी उतरवून ती दारात पाणी पीत बसली असताना काकूनं तिला विचारलं, “ते गेले हे तुम्हाला कळलं कसं?”

“कललं कुठं बाय?” मावशी म्हणाली. “होडी फुटली. बाकीचे आले, आमचा नाय आला. मी रोज किनाऱ्यावर जाऊन बसाची. रडाया पन देत नव्हते कोन. मंग नारली पुनव झाली, होड्या परत दर्यात गेल्या, तवा गावानं ठरवलं, आता नाय येत तो. त्याचा पुतला केला, जालला. त्या दिवशी रडले मी. पोटभर रडले.”

काकूनं त्या दिवशी बोंबील नीट पाहिलेसुद्धा नाहीत. तिच्या चेहऱ्यावर मला चक्क हेवा दिसला.

मग पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले. संध्याकाळी दुकानातल्या रेडिओभोवती माणसं जमायची, अण्णा सगळ्यांत पुढं. एकदा घरी येऊन ते म्हणाले, “आज पुन्हा काही जवान बेपत्ता झाल्याचं सांगितलं.” आवाजात आशाच होती, जणू आपल्या माणसाला सोबत मिळाली. काकू हातातलं टाकून समोर उभी राहिली. अण्णांपुढं ती पहिल्यांदाच अशी बोलली.

“भाऊजी, पाया पडते तुमच्या. त्यांचा विधी करून टाका.”

“तुला सुटका पाहिजे त्याच्यापासून?” अण्णा ओरडले. “तू किती दिवस पाहिलंस त्याला? मी वाढवलाय!”

आई मधे पडली नसती तर त्या रात्री काय झालं असतं कोण जाणे. पुढं बरेच दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच माणसावर जीव असलेली दोन माणसं वैऱ्यांसारखी एका घरात वावरत होती.

थंडी पडल्यावर अण्णा आपणहून तारापूरच्या एका म्हाताऱ्या भटजींकडं गेले. शास्त्रानं बारा वर्षं थांबायचं असतं, हे ऐकायलाच ते गेले होते, असं मला वाटतं. भटजी म्हणाले, “शास्त्र थांबायला सांगतं खरं. पण त्या पोरीचं आयुष्य जातंय. घरातल्या मोठ्यानं मनापासून मानलं, तर मी विधी करीन. मानणार कोण, ते तुम्ही ठरवा.”

अण्णांनी ठरवायला बरेच दिवस घेतले. शेवटी एका सकाळी आम्ही नवापूरच्या किनाऱ्यावर गेलो. भटजींनी दर्भाचा माणूस बांधला. काकाचा एक सदरा गावाकडून येताना काकूनं आणला होता, तो अण्णांनी त्याला चढवला. भटजींनी नाव आणि गोत्र विचारलं. अण्णांनी सांगितलं. “मृत म्हणा,” भटजी हळूच म्हणाले. अण्णांचे ओठ नुसते हलत राहिले. मग तो शब्द एकदाचा बाहेर पडला.

त्यांनी पेटती चूड हातात घेतली, आणि एकाएकी ती वाळूत खोचून अण्णा खाली बसले. सदऱ्याची बटणं लावू लागले. खालून वर, एकेक, गळ्यापर्यंत. “बर्फात नेलं होतं त्याला,” ते म्हणाले. “थंडी असेल तिकडं.”

काकू पुढं आली. अण्णांच्या शेजारी वाळूत बसली आणि तिनं गळ्याशी लावलेलं ते बटण काढलं.

“गळ्याशी लावलेलं त्यांना आवडत नव्हतं,” ती म्हणाली. “गुदमरल्यासारखं होतं म्हणायचे.”

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. “मला नाही कधी बोलला तो,” एवढंच ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडू लागले. काकूनं वाळूतली चूड उचलून त्यांच्या हातात दिली. मग तीही रडली, मोठ्यानं, आणि तिला कुणी थांबवलं नाही.