सोळा बाटल्यांचा पिपा

पवनी-भंडारा गाडीवर मी कंडक्टर आहे. मासोळीची टोपली गाडीत चालते, भिजलेली पोती चालतात, पण गवती चहाचं तेल? पन्नास माणसं कोंबलेल्या गाडीत? नको रे बाप्पा!

बायाबाईची नि माझी ओळख त्या तेलावरूनच झाली, म्हणजे भांडणावरून. पन्नाशी उलटलेली ढिवराची बाई. तीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन गावोगावी मासोळ्या विकल्या, मग गुडघे गेले. तिच्या गावात बायकांच्या बचत गटानं गवती चहा लावला होता, तेल काढायची भट्टी बसवली होती. तेल काढायला सगळ्या तयार, भंडाऱ्याला नेऊन विकायला एक नाही. ही म्हणाली, मी नेतो. दर मंगळवारी सोळा काचेच्या बाटल्या, आणि घेणारा एकच, स्टँडला लागून जडीबुटीचं दुकान असलेला धनंजय.

पहिल्या खेपेला तिनं बाटल्या कापडी थैलीत आणल्या. अड्याळच्या पुढं गाडी खड्ड्यात आपटली आणि तीन फुटल्या. वासानं दोन बाया ओकल्या, ड्रायव्हरनं डोळे पुसत गाडी बाजूला घेतली. माझं डोकं फिरलं.

"बाई, पुढच्या टायमाले थैली दिसली तं गाडीत पाय नाही ठेवू देणार, सांगून ठेवतो!"

"मंग कशात आणू, भाऊ? तूच सांग."

"मले काहून विचारता? डब्बा करा, पेटी करा, काहीबी करा!"

पुढच्या मंगळवारी ती थर्माकोलचा डब्बा घेऊन चढली. बर्फात मासोळ्या नेतात ना, तोच, धुऊन लख्ख केलेला. ढिवराच्या घरात थर्माकोलवर मोठा भरोसा. भर उन्हात बर्फ टिकवतो, मासोळी सडू देत नाही, मग सोळा बाटल्या सांभाळणार नाही? मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. गाडी भंडाऱ्याला दीड तास थांबते, म्हणून मीच तो डब्बा दुकानापर्यंत नेऊन दिला.

धनंजयनं झाकण काढलं. एका बाटलीचं बूच ढिलं होतं. तेल झिरपलं होतं आणि त्या तेलानं थर्माकोल खाऊन टाकला होता. आत नुसता पांढरा चिकट लगदा, त्यात सगळ्या बाटल्या एकमेकींना चिकटलेल्या, लेबलांचा पत्ता नाही.

"मावशी, असा माल मी कोणाले विकू?" धनंजय म्हणाला. "एक डाव अजून आणून पाहा. बिघडला तं मंग येऊच नका."

मला हसू आलं. आवरायला हवं होतं, आवरलं नाही.

"हास, भाऊ, हास," बायाबाई म्हणाली. "माह्या डोक्यावर पुन्हा टोपली आली का आणखी हासजो." आणि आपले गुडघे धरत दुकानाच्या पायऱ्या उतरली. तिकडून येताना तिचं तिकीट काढून मी सरळ ड्रायव्हरजवळ जाऊन बसलो. लाज वाटली, दुसरं काय.

पुढचं तिनंच सांगितलं, पुढच्या मंगळवारी गाडीत, मी विचारलं नसताना.

तिच्या नवऱ्याला, मोतीलालला, दोन वर्षांमागं लकवा मारला. उजवा हात गेला. जाळं फेकणारा माणूस, हातच गेल्यावर तळ्यावर कशाला जाईल? ओसरीत बसून असायचा. बोलणं थोडं अडखळतं, पण बोलता येत होतं. तो बोलायचाच नाही. जेवतो का म्हटलं तर मान हलवायची, झालं.

थर्माकोल वाया गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी बायाबाई ओसरीत बाटल्यांसाठी खोक्यात चिंध्या कोंबत बसली होती. मोतीलालनं बराच वेळ पाहिलं. मग सरकत आला, तिच्या हातातलं खोकं ओढून बाजूला फेकलं आणि गोडेतेलाच्या रिकाम्या चौकोनी पिप्याकडं बोट केलं. पिपा अर्धा कापून आणवला, उरलेल्या पत्र्याचं झाकण केलं. आतून पोत्याचं अस्तर लावलं. कडांना भोकं पाडून आरपार चार तारा ताणल्या. मग मांडला जाळं विणायचा दोरा. एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधलेलं, दुसरं डाव्या हातात. जाळ्याची घरं सारखी यावीत म्हणून बांबूची पट्टी मधे धरतात, यानं पट्टीच्या जागी तेलाची बाटलीच धरली. त्यामुळं घर झालं ते बाटलीच्या मापाचं, मानेशी आवळता येणारं. प्रत्येक बाटली आपल्या घरात, तारेला लोंबती, शेजारणीला हात न लावता. दोन्ही हात लागतील अशा गाठी बायाबाईनं मारल्या. चार दिवस लागले. या चार दिवसांतही गडी एक शब्द बोलला नाही.

त्या मंगळवारी पिपा तिच्या मांडीवर होता. अड्याळच्या बाजारातून सुटलेला एक गोऱ्हा आडवा आला, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, माझी तिकिटाची मशीन उडाली आणि पिपा मांडीवरून पडून आपटत थेट दारापर्यंत गेला. अख्ख्या गाडीनं नाकाला रुमाल लावला.

वास आला नाही.

बायाबाई जागेवरून उठली नाही. "तूच पाह्य," म्हणाली. "माह्यानं नाही पाहवत." मी झाकण उघडलं, मोजल्या, पुन्हा मोजल्या. सोळा. दुकानात धनंजयनं एकेक बाटली उजेडात धरून पाहिली, सगळ्या ठेवून घेतल्या आणि पुढच्या मंगळवारी बावीस आणा म्हणाला.

बायाबाईनं मोबाईल काढून माझ्या हातात दिला. "घरी तूच सांग, तुलारामभाऊ. मी सांगितलं तं त्याले वाटन, मन राखून राहिली."

फोन लागला. मी म्हटलं, "मोतीलालभाऊ, कंडक्टर बोलतो. पिपा गाडीत पडला होता जी. पण एकबी बाटली फुटली नाही."

तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, ठेवतो आता. मग एकेक शब्द ओढत आवाज आला, "गाठ... सुटली का... एखादी?"

मी पिप्यात वाकून पाहिलं. सुटली होती. कोपऱ्यातलं एक घर सैल पडलं होतं, त्यातली बाटली खाली पोत्यावर पडल्यानं वाचली असावी. धनंजयनं ती तिथूनच उचलली असणार. तसं सांगितलं.

"कोपऱ्यातली? ते... तिनं बांधली. माही नोहे. हजार डाव सांगा... आयकतच नाही बाई!"

फोन स्पीकरवर होता. बायाबाई काउंटरला धरून उभी होती. पदर तोंडाला लावला, डोळे भरले आणि त्यातच ती हसायला लागली.

"आयकलं?" ती मला म्हणाली. "दोन वर्सानं भांडून राहिला माह्यासंग."