ओला, सुका आणि देव

आमच्या मुलुंडच्या गल्लीत कचऱ्याचे डबे सगळ्यांना हवे होते. फक्त ते समोरच्या सोसायटीच्या गेटसमोर हवे होते. समोरच्या सोसायटीचंही नेमकं हेच म्हणणं होतं, म्हणजे गल्लीत एकमत होतं असंच म्हणायला हवं.

वॉर्डातून दोन मोठे डबे आले, हिरवा ओल्या कचऱ्याला आणि निळा सुक्याला. सकाळी आमचा वॉचमन ते त्यांच्या गेटसमोर ढकलायचा, दुपारी त्यांचा वॉचमन परत आमच्याकडे. दोघांची ड्यूटी त्यातच जायची. एके दिवशी डबेच गायब झाले. निळा मला नंतर एका बांधकामावर दिसला, गवंड्यांनी त्यात पाणी भरून ठेवलं होतं. हिरव्याचा काही पत्ता लागला नाही.

मग लोकांनी सोपा मार्ग काढला. डबा नाही तर नाही, कोपरा तर आहे. गल्लीच्या तोंडाशी फुटपाथवर विजेचा मोठा पेटारा आहे, त्याच्या आडोशाला पिशव्या पडायला लागल्या. कोणालाही विचारा, "बाहेरचे लोक येऊन टाकतात हो" हेच उत्तर. बाहेरच्यांच्या पिशव्यांतून आमच्याच मजल्यावरच्या बोंबलांची डोकी कशी निघायची, देव जाणे.

एरवी मीही नाकाला पदर लावून गेले असते. पण बाबांचा प्रश्न होता. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि उजवा पाय आता कुठे हळूहळू ताळ्यावर येत होता. त्या पायात पट्ट्यांचा एक खास बूट असायचा. तो चढवताना माझा घाम निघायचा, पण तो असला की बाबा काठी टेकत चालायचे, आणि काढला की पाऊल नुसतं लोंबायचं.

बाबांची इच्छा एकच होती. कोपऱ्याच्या पलीकडच्या सलूनपर्यंत आपल्या पायांनी जायचं आणि खुर्चीत बसून दाढी करून घ्यायची. तोवर न्हावी घरी यायचा, आणि पलंगावर टेकून दाढी करून घेणं बाबांना फार लागायचं. म्हणायचे, "आजाऱ्याची करतात गं अशी. मला आरशासमोर बसायचंय." गेटपासून सलूनपर्यंत सरळ फुटपाथ, मध्ये फक्त तो कोपरा. फुटपाथवरून खाली उतरावं तर नेमक्या तिथेच रिक्षा वळतात.

म्हणून मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड सोडलं. सेक्रेटरी थंड डोक्याचा माणूस. म्हणाला, "ताई, आपले लोक दंडाला भीत नाहीत. देवाला भितात. टाइल्स लावू." जिन्यात कोणी पान खाऊन थुंकू नये म्हणून लावतात ना, तशा. मग कोणते देव लावायचे यावर चर्चा झाली. कचरा कोण उचलणार यावर तेवढी कधीच झाली नव्हती. गणपती बिनविरोध आला. लक्ष्मी कचऱ्यात नको, असं खजिनदारबाईंचं म्हणणं पडलं. मागच्या गावठाणातल्या कॅथलिक आंटींना वाईट वाटू नये म्हणून एक क्रॉस घेतला. आंटी मला म्हणाल्या, "लाव लाव. आमचा येशू गोठ्यातच जन्मला, त्याला सवय आहे."

आणि खरंच सांगते, कोपरा चकाचक झाला. मी सेक्रेटरीला मनापासून थँक्यू म्हटलं. इकडे बाबांनी सराव वाढवला. आधी घरासमोरचा पॅसेज, मग जिना, मग गेट.

तेवढ्यात कोणीतरी गणपतीच्या टाइलसमोर उदबत्ती लावली. मग हार आले, हारांचं निर्माल्य झालं, मग नारळ फुटले. आणि मग खरी रांग लागली. प्रत्येक घरात एक अडचण दडलेली असते, तडा गेलेली देवाची तसबीर नाहीतर टवका उडालेली मूर्ती. ओल्यात टाकता येत नाही, सुक्यात टाकवत नाही. त्या सगळ्याला आता हक्काची जागा मिळाली. आधी तोंड लपवून पिशवी भिरकावणारे आता अनवाणी यायचे, हात जोडायचे, देव ठेवायचे आणि हलक्या मनाने घरी जायचे.

झाडूवाल्या मावशींना मी म्हटलं, एवढं उचला हो. त्यांनी जीभ चावली. "देवाला झाडू नाय लावनार मी. कचरा असता तर उचलला असता." कचऱ्याच्या गाडीवाल्यांचंही तेच. जे मुकाट्याने कांजूरमार्गच्या डंपिंगला गेलं असतं, ते आमच्या कोपऱ्यावर पूजा घेत बसलं.

"बघा ताई, कचरा गेला की नाही?" सेक्रेटरी म्हणाला.

"गेला कुठे? त्याची बढती झाली," मी म्हटलं. तो हसला. मला हसू येत नव्हतं, कारण फुटक्या तसबिरींच्या काचा फुटपाथभर झाल्या होत्या. तशी तक्रार केली तर समितीने लगेच मनावर घेतलं. काचा कोणाला लागू नयेत म्हणून तिथे कठडा आला, पत्रा आला, खाली पांढरी लादी आली. या भिंतीपासून त्या कडेपर्यंत सगळा फुटपाथ देवांचा झाला.

त्यानंतरच्या रविवारी बाबा सकाळी म्हणाले, "आज जाऊ." इस्त्रीचा शर्ट घातला. मी बूट चढवला. गेटपर्यंत माझा हात धरला आणि तिथे तो सोडला. पुढे ते एकटे चालले, काठी, पाय, काठी, पाय. मी मागून चालत होते आणि मला रडू येत होतं.

कोपऱ्यावर लादीची पायरी लागली. वर पाटी होती, 'पादत्राणे बाहेर काढावीत.' पलीकडे सलूनचं दार उघडं होतं, न्हावी आम्हाला बघून खुर्ची पुसायला लागला होता. आरती आटोपून उभे असलेले एक गृहस्थ अगदी प्रेमाने पुढे आले. "आजोबा, बूट काढा ना. मी धरतो."

"अहो, हा फुटपाथ आहे," मी म्हटलं.

"ताई, देवासमोर आवाज नका चढवू."

मी त्यांना सोडणार नव्हते, पण बाबांनी माझं मनगट धरलं. खाली रस्त्यावर एक रिक्षा गर्रकन वळून गेली. बाबांनी पाटी पुन्हा एकदा वाचली, मग आपल्या बुटाकडे बघितलं. "कचरा होता ना, तेव्हा निदान बूट घालून जाता आलं असतं," म्हणाले आणि वळले.

घरी पोचेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर कोपऱ्याचा फोटो आला होता, खाली 'आपली गल्ली, स्वच्छ गल्ली', त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. फोटोत एका कडेला बाबांची पाठ दिसत होती. मी त्यांना दाखवला नाही. मी खाली बसून बुटाच्या पट्ट्या सोडवत होते, तेव्हा ते म्हणाले, "न्हाव्याला वरच बोलाव गं."