मानेतलं कळणारा माणूस

चौकातल्या सलूनवाल्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडायचं. नवं गिऱ्हाईक 'काका' म्हणालं की बाकावरचं जुनं गिऱ्हाईक ती चूक दुरुस्त करी आणि हा न ऐकल्यासारखं दाखवत आरसा पुशी. ही पदवी त्याला केसांवरून मिळाली नव्हती. केस तो बरे कापायचा, एवढंच. त्याचं नाव होतं ते मानेसाठी.

दाढी आटोपली, तोंड पुसून झालं की तो एक तळहात गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली आणि दुसरा डोक्यामागे धरून म्हणायचा, "मान ढिली सोडा." निम्मे लोक "थांबा, थांबा" करायचे. डॉक्टर थांबायचा नाही. एकदा उजवीकडे कट्, एकदा डावीकडे कट्, की गिऱ्हाईक डोळे मिटून सुस्कारा सोडी. लांबलांबची माणसं डोक्यावर चार केस असताना केस कापायला यायची, ती या दोन आवाजांसाठी. तीस वर्षांत कुणाची तक्रार आली नाही. आणि तीस वर्षं तक्रार आली नाही की कुठल्याही माणसाला वाटायला लागतं, आपल्याला यातलं कळतं.

एका दुपारी समोरच्या रस्त्यावर एका उभ्या मोटारीचं दार अचानक उघडलं आणि मागून येणारा मोटरसायकलवाला त्यावर आदळून दुभाजकापर्यंत फेकला गेला. तो विजेचे मीटर तपासणारा होता. त्याच्या पिशवीतले कागद रस्ताभर पसरले. डॉक्टर खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच टाकून, हाताला साबणाचा फेस तसाच, धावत सुटला. गर्दी जमली होती, पण पुढे कुणी होईना. पोलिसांचं झेंगट कशाला, असं एकाने स्पष्टच म्हटलं. डॉक्टरला त्या सगळ्यांचा संताप आला. "व्हा बाजूला," तो ओरडला, "मला कळतं मानेतलं."

मीटरवाला शुद्धीवर होता. त्याची मान एका खांद्याकडे कलली होती, हेल्मेट डोक्यात गच्च बसलं होतं आणि डाव्या बुटाची टाच डांबरावर घासत पुढेमागे होत होती. "थांबा," तो पुटपुटला. डॉक्टरने हा शब्द जन्मभर ऐकला होता आणि जन्मभर कानाआड केला होता. त्याने हेल्मेट दोन्ही हातांनी पकडलं, इकडून तिकडून फिरवत उपसून काढलं आणि मग हनुवटीखाली हात घालून, "मान ढिली सोडा" असं म्हणत ती कललेली मान सरळ केली. आवाज वगैरे काही झाला नाही. फक्त तो बूट हलायचा थांबला. डॉक्टरने गर्दीकडे वळून म्हटलं, "बघा, शांत झाला."

हे वाक्य पुढे त्याला किती छळणार होतं, ते तेव्हा त्याच्या गावीही नव्हतं. ॲम्ब्युलन्समधून उतरलेल्या बाईंनी आल्या आल्या विचारलं, "हेल्मेट कुणी काढलं?" शाबासकी घ्यायला पुढे व्हावं तसा डॉक्टर पुढे झाला. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, मग मानेला पट्टा बांधला आणि चौघांना धरायला लावून मीटरवाल्याला फळीवर घेतलं. ती नजर शाबासकीची नव्हती, एवढं डॉक्टरला कळलं. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक दुकानात वाट बघत बसलं असताना तो ॲम्ब्युलन्समध्ये चढला.

मीटरवाल्याचे हात वाचले, तेही अर्धवट. बोटांची मूठ वळत नव्हती आणि छातीखालचं सगळं गेलं होतं. हॉस्पिटलमध्ये त्याची बायको डॉक्टरचे दोन्ही हात धरून रडली. "दादा, सगळे नुसते बघत उभे होते म्हणे. तुम्ही एकटे धावलात." ती शाळेत मुलांना गणित शिकवायची. तिच्या लेखी हिशेब सोपा होता. शंभर माणसं उभी राहिली, एक धावला, म्हणून नवरा जिवंत आहे. तिथंच सांगायला हवं होतं. पण रडणाऱ्या बाईच्या हातातून आपले हात सोडवून घेऊन, 'ताई, तुमच्या नवऱ्याचे पाय मीच घालवले असतील,' असं सांगायला जी छाती लागते, ती त्याच्याकडे नव्हती. तो म्हणाला, "काही लागलं तर सांगा, ताई."

तिने सांगितलं नाही, तरी तो जात राहिला. मीटरवाला दोन महिन्यांनी घरी आला. तळमजल्यावरची पुढची खोली मोकळी करून तिथे खाटा-बिटा जाऊन हॉस्पिटलसारखा पलंग लागला. सलूनची सुट्टी मंगळवारी. मंगळवारी सकाळी दहाला डॉक्टर आपली पेटी घेऊन हजर. दाढी करायची, केस विंचरायचे, अंग पुसायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलायची, लघवीची पिशवी रिकामी करायची. शाळेतून लांब रजा घेतलेली ताई तेवढ्यात आतल्या खोलीत जाऊन झोपायची. आठवडाभराची झोप ती त्या दोन-तीन तासांत भरून काढायची. बाहेर येताना तिच्या गालावर उशीचे वळ उठलेले असायचे.

कूस कशी बदलायची, ते फिजिओथेरपिस्ट मुलीने त्याला शिकवलं. "डोकं, खांदे, कंबर, सगळं एकदम. ओंडका लोटतात तसं. डोकं मागे राहता कामा नये." डॉक्टर पहिल्याच फटक्यात शिकला. ती खूश होऊन म्हणाली, "तुमच्या हातात जादू आहे. नाहीतर लोक काय करतात माहितीये? अपघात झाला की कुणीतरी शहाणा येतो, हेल्मेट ओढतो, मान सरळ करतो. जे थोडंफार वाचलेलं असतं, तेही जातं."

"नाही हो," ताई दारातून म्हणाली, "आमच्या नशिबाने तिथे हे दादा होते."

डॉक्टर खाली बघून टॉवेलच्या घड्या घालत राहिला. एकच टॉवेल होता, त्याच्या त्याने चार वेळा घड्या घातल्या. पलंगावरचा माणूस छताकडे बघत होता.

त्या दिवसापासून सलूनमधली मान बंद झाली. गिऱ्हाइकं दाढी झाल्यावर डोकं ढिलं सोडून बसून राहायची आणि हा त्यांच्या गळ्यातलं कापड झटकून मोकळा व्हायचा. "डॉक्टर, राहिलं की," म्हणत. "हात दुखतो," हा सांगे. "आणि डॉक्टर म्हणू नका." लोकांना ही नवीनच गंमत वाटली आणि ते जास्तच म्हणू लागले.

शेवटी त्याने घरी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सगळं ऐकून तिने सुरी बाजूला ठेवली. "आदळल्यानेच झालं असेल ते. तुम्ही काय देव आहात की डॉक्टर आहात?"

"बूट हलत होता गं. मी हात लावला आणि थांबला."

"मग आता सांगून काय होणार? पाय परत येणारेत? त्या बिचारीला एक माणूस धरायला मिळालाय, तोही काढून घ्याल."

"मला तिथे जाववत नाही. गेलो की ती चहा करते, दादा म्हणते. मी चोर असल्यासारखा पितो तो."

"मग सांगा बाई आणि व्हा मोकळे," ती वैतागून म्हणाली आणि पुन्हा सुरी हातात घेतली.

मोकळे व्हा. हे शब्द त्याच्या डोक्यात आठवडाभर घोळत राहिले. मंगळवारी पेटी घेऊन निघाला तेव्हा त्याचा बेत पक्का होता. सांगायचं. मग ते शिव्या देतील, हाकलतील, कदाचित पोलिसांत जातील. जाऊ देत. हाकललं की मंगळवार संपले. ती खोली, ती पिशवी, ते 'दादा' सगळं संपलं. हा विचार मनात आला तेव्हा त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून लगेच लाजही वाटली. पण बेत बदलला नाही.

ताई आत झोपायला गेली. त्याने मीटरवाल्याच्या चेहऱ्याला फेस लावला, एक गाल केला, मग वस्तरा पुसून पेटीत ठेवला. हातात वस्तरा धरून असली गोष्ट सांगू नये, एवढी अक्कल त्याला होती.

"तुम्हाला एक सांगायचंय," तो म्हणाला. "त्या दिवशी हेल्मेट मी काढलं. मान मीच सरळ केली. मी येईपर्यंत तुमचा डावा पाय हलत होता. मी हात लावल्यावर थांबला. तुम्ही मला थांबा म्हणाला होतात. मी ऐकलं नाही." एवढं तो एका दमात बोलला आणि मग त्याला रडू फुटलं. आत ऐकू जाऊ नये म्हणून त्याने दाढीचा टॉवेल तोंडात धरला.

मीटरवाल्याच्या दुसऱ्या गालावरचा फेस वाळायला लागला होता.

"मला माहितीये," तो म्हणाला. "मी शुद्धीवर होतो."

डॉक्टरने टॉवेल खाली घेतला. "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. पाय गेले ते त्याच क्षणी कळलंसुद्धा. दिवा घालवावा तसे गेले. वर बघतो तर तुमचं तोंड. हॉस्पिटलमध्ये तुम्ही पहिल्यांदा दाढी करायला आलात ना, तेव्हा वाटलं होतं, हात चालत असता तर तुमचा गळा धरला असता."

"मग बोलला का नाहीत? ताईंना तरी सांगायचंत."

"तिला सांगितलं असतं तर तिने तुम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं." तो आवाज न चढवता, मीटरचा आकडा वाचून दाखवावा तसं बोलत होता. "माझे दोन भाऊ आहेत. एक महिनाभर आला, एक आठवडाभर. ऑफिसातले फुलं देऊन गेले. तुम्ही तेवढे येत राहिलात. मला पहिल्यापासून माहीत होतं तुम्ही का येताय ते. म्हटलं, मनाला खातंय तोवर येतील. म्हणून गप्प बसलो. दर मंगळवारी भीती वाटायची, आज हा सांगून टाकतोय की काय."

आपण आठ महिने त्याच्यापासून लपवतोय, असं डॉक्टर समजत होता. त्याने पेटीतून वस्तरा काढला, पुन्हा ठेवला. वाळलेला फेस ओल्या बोटांनी भिजवायला हात पुढे केला आणि तो हनुवटीपाशी मध्येच थांबला. लावू का, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा विचारावंसं वाटलं.

आतल्या खोलीत ताईने झोपेत कूस बदलल्याचा आवाज आला. दोघेही ऐकत राहिले. ती उठली नाही.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," मीटरवाला म्हणाला. "कारण ते खरं नाही." मग त्याने डोळे डॉक्टरकडे वळवले. मान वळवायला तो अजून धजत नव्हता. "पण आता तुम्ही सांगून मोकळे झालात. पुढच्या मंगळवारी याल ना?"